यूएससीआयएसकडून (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) स्वतःची इमिग्रेशन फाईल मागवली: फुकट आहे, कामाची आहे, पण नेमकं काय हवंय ते आधी ठरवा

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे ज्यांना एवढं वाचायचा कंटाळा आहे ते सुटतील. पाचपैकी चार तारे. पैसे लागत नाहीत, घरबसल्या होतं, वकील लागत नाही आणि मुख्य म्हणजे कंपनीची परवानगी लागत नाही. हे शेवटचं ज्यांनी एच-वन-बीवर (कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा) वर्षं काढलीत त्यांनाच नीट कळेल, कारण आपल्या नावाने सरकारदरबारी जे कागद जातात त्यातले निम्मे आपण कधी बघितलेलेच नसतात. पिटिशन, म्हणजे सरकारकडचा अर्ज, कंपनीचं, वकील कंपनीचा, सही एचआरची, आणि आपल्याला येतो तो "अप्रूव्ह झालं, काँग्रॅच्युलेशन्स" असा एका ओळीचा ईमेल, त्यावर आपण पेढे वाटून मोकळे.

माझी गोष्ट तिथूनच सुरू झाली. जुनी कंपनी सोडताना आय-१४० ची (कंपनीने माझ्या ग्रीन कार्डासाठी भरलेल्या पिटिशनची) कॉपी मागितली तर एचआर म्हणे ते कंपनीचं कॉन्फिडेन्शियल डॉक्युमेंट आहे, आम्ही देत नाही. बरं वकिलाला मेल टाकला तर तो म्हणे माझा क्लायंट कंपनी आहे, तुम्ही नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील, वाद नाही, पण इकडे नवीन कंपनीची वकीलबाई रोज विचारतेय की आय-१४० चं काय झालं, कारण एच-वन-बीची सहा वर्षं संपल्यावर पुढची तीन वर्षं मिळतात ती त्या अप्रूव्ह झालेल्या आय-१४० च्या जोरावर. आणि इंडियावाल्यांची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली आपली तारीख) म्हणजे तर काय, मंगळसूत्रापेक्षा जपायची गोष्ट. २०१७ च्या जानेवारीपासून नियम असा आहे की आय-१४० अप्रूव्ह होऊन १८० दिवस झाले की कंपनीने नंतर ते मागे घेतलं तरी त्या कारणावरून ते रद्द होत नाही, तुमची तारीख तुमचीच राहते. पण तारीख आपली आहे हे दाखवायला हातात कागद नको का? तेव्हा ऑफिसातल्या एका तेलुगू मैत्रिणीने सांगितलं, अगं फोया टाक ना. मला तोपर्यंत वाटायचं फोया हे पत्रकार लोकांचं काम.

तर फोया म्हणजे फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट. १९६६ सालचा कायदा, प्रेसिडेंट लिंडन जॉन्सननी ४ जुलैला सही केलेला. आपल्याकडे माहितीचा अधिकार २००५ ला देशभर आला (महाराष्ट्रात त्याच्या आधी २००२ चा स्वतःचा कायदा होता, अण्णा हजारेंची उपोषणं आठवत असतील), त्याच जातकुळीतला. पण दोन फरक मला फार इंटरेस्टिंग वाटले. एक म्हणजे आपला आरटीआय फक्त भारतीय नागरिकांना आहे, आणि इथे अर्ज करायला सिटिझन असायची अट नाही, ग्रीन कार्ड नको, एच-वन-बी असो, एच-फोर (एच-वन-बीवाल्यांच्या नवरा-बायको-पोरांचा व्हिसा) असो, स्टुडंट असो, अगदी कायमचे पुण्याला परत गेलेले असाल तरी तिथे बसून टाकता येतो. दुसरा फरक उलटा आहे. आरटीआयमध्ये दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज गेला की तीस दिवसांत उत्तर, नाही दिलं तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत, निदान कायद्यात तरी लिहिलंय. इथे वीस कामाचे दिवस, "असाधारण परिस्थिती" म्हणून आणखी दहा, आणि मुदत उलटली तर असा रोजचा दंड वगैरे कोणाला नाही, फार तर तुम्ही कोर्टात जा.

याच्या जोडीला १९७४ चा प्रायव्हसी ॲक्ट पण आहे, तो मात्र मुख्यतः सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी, त्यात रेकॉर्ड चुकीचं असेल तर दुरुस्त करा म्हणून सांगता येतं. अर्ज एकच असतो, त्यामुळे आपण त्यात डोकं घालायची गरज नाही.

मागायचं काय, तर ए-फाईल. ग्रीन कार्डावर, ईएडी कार्डावर (नोकरी करायचा परवाना) जो ए ने सुरू होणारा नंबर असतो ना, त्या नंबरची एक फाईल सरकारकडे असते. ही पद्धत १९४४ पासूनची आहे. तुम्ही आणि तुमच्यासाठी दुसऱ्यांनी भरलेले फॉर्म, फोटो, पुरावे, मेडिकल, त्यांच्याकडून आलेल्या नोटिसा, सगळं त्या एका नंबराखाली. आणि नीट ऐका, नवऱ्याची फाईल वेगळी, बायकोची वेगळी, पोरांची वेगळी. आमच्या ग्रुपवर हा घोळ दर महिन्याला होतो. बायको डिपेंडंट म्हणून ग्रीन कार्डावर आली, तिने स्वतःची फाईल मागवली आणि आता म्हणतेय यात आय-१४० कुठाय? अगं बाई, ते नवऱ्याच्या नावावरचं, त्याच्या फाईलमध्ये, आणि ते हवं असेल तर त्याची सही लागेल. घरात एकाच गादीवर झोपता म्हणून सरकार कागद देत नाही.

अर्ज करायचा तो यूएससीआयएसच्या साईटवर अकाउंट काढून. त्यांच्या ह्या सिस्टीमचं नाव फर्स्ट. पूर्वी जी-६३९ नावाचा कागदी फॉर्म भरून पोस्टाने पाठवायचे, जुने लोक अजून तोच शोधत बसतात, त्याच्या मागे लागू नका. ऑनलाईनमध्ये कोणासाठी मागताय, पूर्ण फाईल हवी की ठराविक कागद, नाव, जन्मतारीख, जन्माचा देश, आईवडिलांची नावं, ए-नंबर, माहीत असतील ते रिसीट नंबर, एवढं विचारतात. रिसीट नंबर म्हणजे ते ईएसी, डब्ल्यूएसी, एलआयएन, एसआरसी किंवा आता आयओई ने सुरू होणारे. ए-नंबर अजून नसेल तर हे रिसीट नंबर फार उपयोगी पडतात, जुने ईमेल खणा, कुठेतरी सापडतोच. शेवटी खोटं बोलत असेन तर शिक्षेला पात्र अशा अर्थाची सही करायची. नोटरी पण चालते पण कशाला उगाच, ही सही पुरते.

आता आपल्या मराठी बायकांसाठी खास, नावाच्या रकान्यात घाई करू नका. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या जागी आपलं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही एकत्र, लग्नानंतरच्या पासपोर्टवर वडिलांच्या जागी नवरा, आडनाव बदललेलं, आणि ज्यांचं लग्नात तांदळात नाव लिहून पहिलं नावही बदललं त्यांचं तर विचारूच नका. माझी पहिली एच-वन-बी माहेरच्या नावाने, आय-१४० सासरच्या नावाने, आणि एका जुन्या फॉर्मवर कोणीतरी मधलं नावच आडनावाच्या जागी टाकलेलं. "यापूर्वी वापरलेली नावं" असा एक भाग असतो फॉर्ममध्ये, तिथे हे सगळे अवतार लिहून टाका, माहेरचं, सासरचं, वडिलांच्या नावासकट, वडिलांच्या नावाविना, स्पेलिंगमध्ये डब्बल ए असलेलं आणि नसलेलं. शोधणारा माणूस मिसुरीत बसलेला असतो, त्याला काय माहीत की हे सगळं एकच बाई आहे.

मिसुरी खरंच बरं का. त्यांचं नॅशनल रेकॉर्ड्स सेंटर मिसुरी राज्यात ली'ज समिट नावाच्या गावात आहे, कॅन्सस सिटीच्या शेजारी. त्या भागात चुनखडीच्या जुन्या खाणी आहेत, जमिनीखाली, आणि तिथल्या थंड कोरड्या हवेत सरकारी कागद ठेवायची पद्धतच आहे. कोविडमध्ये तिथलं एक भूमिगत रेकॉर्ड सेंटर बंद पडलं तेव्हा जुन्या कागदी फाईली बाहेरच येईनात आणि लोकांचे सिटिझनशिपचे अर्ज त्यापायी अडकले होते, पेपरात आलं होतं. म्हणजे आपण इकडे न्यू जर्सीत एडिसनमध्ये क्लाउड क्लाउड करत बसतो आणि आपलं नशीब मिसुरीच्या खाणीत पुठ्ठ्याच्या खोक्यात.

वेळ किती लागतो हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. रांगा तीन आहेत. पहिली साध्या मागणीची, म्हणजे एखाद-दोन ठराविक कागद. दुसरी पूर्ण फाईलवाल्यांची, जास्त गुंतागुंतीची. तिसरी ज्यांची इमिग्रेशन जजसमोर डिपोर्टेशनची केस चालू आहे त्यांच्यासाठी, त्यांना लवकर मिळावं म्हणून, पण त्याला कोर्टाची नोटीस जोडावी लागते. म्हणून मी शीर्षकात म्हटलं की नेमकं काय हवंय ते ठरवा. आय-१४० ची अप्रूव्हल नोटीस आणि पिटिशनची कॉपी एवढंच हवं असेल तर तेवढंच लिहा ना. "सगळंच द्या, बघू काय निघतं" असं केलं की तुम्ही स्वतःच स्वतःला लांबच्या रांगेत उभं करता. मी पहिल्यांदा फक्त आय-१४० मागितलं. अर्ज गणपतीत टाकला होता आणि दसऱ्याच्या आसपास अकाउंटमध्ये पीडीएफ आली, म्हणजे माझ्या मते उत्तमच. अर्ज टाकल्यावर एनआरसीने सुरू होणारा कंट्रोल नंबर मिळतो, तो घालून स्टेटस बघता येतं.

सगळ्यांना कायम असंच मिळेल असं मात्र धरून चालू नका. एके काळी ही अवस्था इतकी वाईट होती की २०१९ मध्ये इमिग्रेशन वकील आणि त्यांच्या क्लायंटांनी मिळून सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात क्लास ॲक्शन केस टाकली, नाइटिंगेल केस म्हणून प्रसिद्ध आहे. डिसेंबर २०२० मध्ये जज विल्यम ऑरिक यांनी निकाल दिला की कायद्यातली मुदत ही पाळायलाच असते, साठ दिवसांत साठलेला ढीग उपसा आणि दर तीन महिन्यांनी कोर्टाला हिशोब द्या. त्यानंतर फरक पडला असं जुनेजाणते वकील सांगतात. आज आपल्याला जे बऱ्यापैकी वेळेत मिळतंय त्यात त्या केसचा वाटा आहे, म्हणून त्या लोकांना मनातल्या मनात एक नमस्कार.

आता आलं काय ते सांगते. आय-१४० च्या गठ्ठ्यात अप्रूव्हल नोटीस होती, झालं, माझं काम तिथेच झालं, वकीलबाई खूश. पण बाकीचं वाचायला बसले आणि अर्धी रात्र गेली. कंपनीने सरकारला माझ्याबद्दल लिहिलेलं ते सपोर्ट लेटर! ही उमेदवार किती कुशल, हिच्याशिवाय आमचं कसं चालणार, हिचं शिक्षण, हिचा अनुभव... अहो हीच कंपनी अप्रेझलला "मीट्स एक्स्पेक्टेशन्स" देत होती मला. नवरा म्हणाला फ्रेम कर आणि पुढच्या मॅनेजरच्या टेबलावर ठेव. त्यातच लेबर सर्टिफिकेशनचा फॉर्म पण होता, ज्याला सगळे पर्म म्हणतात, त्यात नोकरीची कर्तव्यं, लागणारं शिक्षण, पगार सगळं स्पष्ट. हे पान ज्यांना पुढे नोकरी बदलायचीय त्यांच्यासाठी सोन्याचं आहे, कारण ग्रीन कार्डाचा अर्ज पेंडिंग असताना नोकरी बदलली तर नवीन काम "त्याच किंवा तशाच" प्रकारचं असावं लागतं, आणि मुळात कुठलं काम लिहिलं होतं हेच माहीत नसेल तर तुलना कशाशी करणार? माझं तर टायटलच वेगळं निघालं, मी स्वतःला जे समजत होते ते कागदोपत्री मी नव्हतेच.

कंपनीचे ताळेबंदाचे आकडे होते तिथे मात्र झाकाझाकी. ते चालतं, त्यांच्या धंद्याची गुपितं मला कशाला.

नंतर ग्रीन कार्ड झालं (ऑक्टोबर २०२० मध्ये इंडियावाल्यांच्या ईबी-थ्रीची, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या एका वर्गाची, फायलिंगची तारीख एकदम २०१५ वर उडाली होती, म्हणजे त्याच्या आधीची प्रायॉरिटी डेट असलेल्यांना अर्ज घालता येत होता, त्या गर्दीत आम्हीही अर्ज घातला होता, ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना आठवेल, डॉक्टरची मेडिकलची अपॉइंटमेंट मिळवायला लोक दुसऱ्या राज्यात जात होते). आता सिटिझनशिपचा एन-४०० भरायची वेळ जवळ येतेय म्हणून ह्या वेळी पूर्ण फाईल मागवली. कारण सरळ आहे. एन-४०० च्या इंटरव्ह्यूत समोरच्या ऑफिसरच्या टेबलावर तुमची फाईल असते, तुम्ही दहा वर्षांपूर्वी काय लिहिलं होतं ते त्याच्यासमोर आहे आणि तुम्हाला आठवत नाही. पत्ते, नोकऱ्यांच्या तारखा, कधी अटक झाली का, कुठल्या संस्थेचे मेंबर आहात का, हे सगळं आधी एकदा सांगून झालेलं असतं. आता वेगळं सांगितलं, अगदी निष्पापपणे, तरी उगाच प्रश्न. मला तर आय-४८५ वर (ग्रीन कार्डाच्या अर्जावर) महाराष्ट्र मंडळाची मेंबरशिप लिहिली होती का नव्हती तेच आठवत नव्हतं. लिहिलेली होती.

ह्या पूर्ण फाईलबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, ती पुस्तकासारखी पहिल्या पानापासून सलग वाचायची नसते. अनेक अर्ज, प्रत्येकाचे पुरावे, मध्येच पासपोर्टच्या कॉप्या, त्याच त्याच कॉप्या परत परत. मी एक वही घेऊन पान क्रमांक आणि काय आहे असं लिहीत गेले, त्याशिवाय पुढे काही सापडत नाही.

त्या फाईलमध्ये माझ्या जन्माचे कागद निघाले तेव्हा मात्र मी थांबले. माझा जन्म गावी, आजोळी, नोंद झालेलीच नाही वेळेवर. त्यामुळे नगरपालिकेकडून "नोंद आढळत नाही" असा दाखला आणि दोन नातेवाईकांची ॲफिडेव्हिट्स जोडली होती, आपल्याकडच्या कित्येकांची अशीच केस असते. मामाचं ॲफिडेव्हिट शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, खाली नोटरीचा गोल शिक्का जो मूळ जांभळा होता तो स्कॅनमध्ये काळा डाग झालाय, त्या डागातून सही अर्धी दिसते, मामाची ती मोठ्ठी सही, आडनावातल्या "टे" ची मात्रा पार शिक्क्याच्या बाहेर गेलेली. मजकूर वकिलाच्या इंग्रजीत, वरवर वाचला तर "माझी भाची माझ्या समक्ष अमुक तारखेला जन्मली" छाप. मामा त्या दिवशी मुळात एसटीची ड्युटी करत होता आणि संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याला कळलं, हे आजी शेवटपर्यंत सांगायची. पण जन्म झाला हे तर खरंच आहे, त्याच्या घरीच झाला, आणि कागदात नीट बघितलं तर "माझ्या माहितीप्रमाणे" असंच लिहिलंय, तेव्हा काळजी नसावी.

आता तो कापलेला एक तारा. फाईल आली म्हणजे सगळं आलं असं नाही. सोबत जे पत्र येतं त्यात सांगितलेलं असतं की इतकी पानं सापडली, इतकी पूर्ण दिली, इतकी अर्धवट दिली, इतकी अडवली आणि कुठली दुसऱ्या खात्याकडे पाठवली असतील तर ती. अर्धवट पानावर चौकट टाकून मजकूर झाकतात आणि बाजूला कलम लिहितात. कायद्यात अशा नऊ सवलती आहेत. आपल्याला भेटणाऱ्या मुख्य म्हणजे बी-सिक्स आणि बी-सेव्हन-सी, दुसऱ्या माणसांची खाजगी माहिती, नावं वगैरे. बी-सेव्हन-ई म्हणजे तपासाच्या पद्धती, बॅकग्राउंड चेकची पानं ह्यात जातात. बी-फाइव्ह म्हणजे त्यांची अंतर्गत चर्चा, निर्णय घेण्याआधी कोण काय म्हणालं ते. म्हणजे ज्यांना वाटतं की ऑफिसरच्या मनात माझ्याबद्दल काय होतं ते कळेल, त्यांनी ती आशा सोडावी. आपण दिलेलं आणि आपल्यासाठी दुसऱ्याने दिलेलं, ते छान मिळतं. त्यांनी आपल्याबद्दल केलेला विचार मिळत नाही. माझ्यासारख्या साध्या केसला ते चालून जातं, पण कोणाला पूर्वी नकार आलाय, फ्रॉडचा संशय आला होता असं काही असेल, तर नेमकी हवी असलेली पानंच झाकलेली येण्याची शक्यता जास्त, आणि अशांनी फाईल घेऊन चांगल्या वकिलाकडेच जावं.

दुसरं असं की एका अर्जात सगळं सरकार येत नाही. विमानतळावर आलो-गेलो त्याचे रेकॉर्ड सीबीपीकडे, म्हणजे कस्टम आणि सीमेच्या खात्याकडे, त्यांचा अर्ज वेगळा. अर्थात एन-४०० साठी नुसत्या ट्रिपा जुळवायच्या असतील तर आधी आय-९४ च्या (अमेरिकेत आल्या-गेल्याच्या नोंदीच्या) साईटवर ट्रॅव्हल हिस्टरी बघा, मागच्या दहा वर्षांचं फुकट आणि लगेच दिसतं, मात्र ते अगदी परिपूर्ण नसतं, गाडीने कॅनडात गेलेलं सुटू शकतं, पासपोर्टवरचे शिक्के घेऊन ताडून बघा. व्हिसाचं रेकॉर्ड स्टेट डिपार्टमेंटकडे आणि तिथे तर कायद्याचं कुलूप आहे, इमिग्रेशन कायद्याचं २२२-एफ कलम, व्हिसाची फाईल गोपनीय. तुम्ही स्वतः दिलेले कागद आणि तुम्हाला त्यांनी पाठवलेले, साधारण एवढंच मिळतं. मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीमागच्या ऑफिसरने तुमच्या भावाला नाही का म्हटलं हे फोया टाकून कळणार नाही, मला दोघांनी विचारलंय म्हणून लिहिलं. इमिग्रेशन कोर्टात केस झाली असेल तर तिची फाईल त्या कोर्टांच्या खात्याकडे, ईओआयआर. पोलिसी रेकॉर्ड हवं तर एफबीआयकडे बोटांचे ठसे आणि १८ डॉलर. हे एका खिडकीत व्हायला काय हरकत होती? आपल्याकडच्या तहसील कचेरीला नावं ठेवतो आपण, इथे पण हे टेबल नाही ते टेबल आहेच, फक्त एसी आहे.

आणि हो, ग्रीन कार्डच हरवलं असेल तर फोया टाकत बसू नका, त्याला आय-९०. नॅचरलायझेशन सर्टिफिकेट हरवलं तर एन-५६५. त्या दोन्हीला फी आहे. फोयातून येते ती फाईलमधल्या कागदाची कॉपी, कार्ड नव्हे.

पैशाचं बोलायचं तर मला एक डॉलर पडला नाही. नियमात शोधाचे पहिले दोन तास आणि पहिली १०० पानं मोफत असतात आणि अर्ज केला म्हणजे २५ डॉलरपर्यंत खर्चाला तुमची तयारी आहे असं धरतात, पण पीडीएफ अकाउंटमध्ये येते त्यामुळे आमच्या ओळखीत कोणाला बिल आलेलं ऐकलं नाही. असं असताना आमच्या इथल्या ओक ट्री रोडवर एका कन्सल्टंटने माझ्या मैत्रिणीकडून ह्याच अर्जाचे तीन आकडी डॉलर घेतले आणि वर सांगितलं "सरकारी फी आहे". सरकारी फी नाहीये हो! तुम्हाला इंग्रजी फॉर्मचा कंटाळा येतो म्हणून कोणाला मदतीचे पैसे द्यायचे असतील तर खुशाल द्या, तो धंदा आहे, पण सरकारी फी म्हणून नको. आणि असं कोणाकडून करून घेतलं तर अकाउंट तुमच्या ईमेलवर काढा, नाहीतर फाईल त्याच्याकडे आणि तुम्ही परत त्याच्या दारात. त्या फाईलमध्ये तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर, पासपोर्ट, बँकेची स्टेटमेंटं, सगळं असतं.

समाधान झालं नाही, कागद सापडला नाही म्हणाले किंवा फार झाकलंय असं वाटलं तर अपील करता येतं, पत्राच्या तारखेपासून नव्वद कामाच्या दिवसांत. अपिलात रडगाणं नको, अमुक कागद अमुक तारखेला अमुक रिसीट नंबराने दाखल झालाय, ही नोटीस बघा, तो फाईलमध्ये असायला हवा, असं मुद्द्याचं लिहायचं. नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये ओजीआयएस म्हणून मध्यस्थी करणारं ऑफिस पण आहे, त्यालाही पैसे लागत नाहीत.

लहान मुलांसाठी आईवडील सही करू शकतात, जन्माचा दाखला जोडून. वारलेल्या माणसाची फाईल हवी असेल तर मृत्यूचा पुरावा. १९६५ च्या कायद्यानंतर जे मराठी डॉक्टर-इंजिनिअर इकडे आले त्यांची पिढी आता जातेय, त्यांच्या मुलांनी जरूर विचार करावा. आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या मुलीने वडिलांची फाईल मागवली, त्यात सत्तरच्या दशकातला त्यांचा फोटो निघाला, जाड कल्ले, रुंद कॉलर, तिने तो कधी बघितलाच नव्हता.

मी आता सासऱ्यांची मागवतेय. ते मुंबईच्या कॉन्सुलेटमधून ग्रीन कार्ड घेऊन आले तेव्हा सीलबंद पाकीट विमानतळावर दिलं होतं, ते पाकीट त्यांच्या ए-फाईलमध्ये गेलेलं असतं. त्यात त्यांच्या सेवापुस्तकाच्या पानांच्या कॉप्या असाव्यात असं त्यांचं म्हणणं आहे आणि पेन्शनच्या कामाला त्या हव्यात. अर्ज माझ्या अकाउंटवरून, पण संमतीची सही त्यांची. ते विचारत होते, सूनबाई, इंग्रजीत सही करायला पाहिजे का? नाही बाबा, सही कुठल्याही लिपीत चालते, तुमची नेहमीची मराठीतलीच करा.